मुलगा छाटणीच्या टोळीत गेला म्हणून बिघडलं काय?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय. मजकूर थोडक्यात असा: "चार एकर बाग आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ५८ टक्के. सीईटीतही कमी पडला, सरकारी कृषी महाविद्यालय मिळणार नाही. खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून बी.एस्सी. अ‍ॅग्री करायची आणि मग पुण्याला एमपीएससीचा क्लास लावायचा, असं मी ठरवलंय. त्यासाठी गावालगतचा प्लॉट विकायला काढलाय. पण हा दोन सीझन झाले, कलम-छाटणीच्या टोळीबरोबर फिरतो. मला हेच शिकायचंय म्हणतो. ती कामं पेठ-सुरगाण्याच्या (आदिवासी तालुक्यांतल्या) माणसांची. बागायतदाराचा पोरगा मजुरी करतो म्हटल्यावर त्याला मुलगी कोण देईल? तुम्हीच त्याला चार गोष्टी समजावून सांगा."

नमस्कार.

मुलाला समजावण्याचं काम मी अंगावर घेणार नाही. समजावायचंच असेल तर तुम्हाला समजावेन.

तुमच्या पत्रात ५८ टक्के तीनदा आलेत. प्लॉटला काय भाव येईल ते आलंय. तलाठी झालेला साडूचा मुलगा आलाय. तुमच्या मुलानं भरलेल्या कलमांपैकी किती फुटतात, एवढं मात्र कुठं लिहिलेलं नाही. दुसऱ्या कुणाचा पोरगा तुमच्या बागेत कलम भरायला आला असता तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंत. पोटच्या पोराच्या बाबतीत विचारावंसं वाटलं नाही, कारण उत्तर चांगलं आलं तर पंचाईत होईल.

"ती कामं पेठ-सुरगाण्याच्या माणसांची" हे तुमचं वाक्य मला टोचलं, आणि ते टोचलं हे लपवत नाही. ऑक्टोबर छाटणी जवळ आली की याच माणसांच्या मुकादमाला तुम्ही दिवसातून चारदा फोन करता. उचल आधी देता, राहायची सोय करता, आणायला गाडी पाठवता. टोळी आठवडाभर उशिरा आली तर छाटणी लांबते, छाटणी लांबली की माल लांबतो, आणि मग भाव सापडेल तो. ज्याच्या तारखेवर तुमचं वर्ष ठरतं त्याला तुम्ही मजूर म्हणता. त्याला काय येतं याची मार्कशीट नाही, म्हणून ते तुमच्या लेखी शिक्षण नाही. तुमच्या मुलाला त्या माणसांच्या शेजारी बसून शिकायला कमीपणा वाटत नाही. मला तर ही त्याची सगळ्यांत मोठी पात्रता वाटते.

आता शेतातलं हाताचं काम कुणीही करतं, त्यात शिकायचं काय, हा समज. हा तुमचा एकट्याचा नाही, सरकारी फायलींपासून चावडीपर्यंत सगळीकडे आहे, आणि त्याची किंमत द्राक्षवाल्यांनी रोख मोजलीय. तुम्हीच आठवा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथं, सूक्ष्म घड तयार होतो. ऑक्टोबरला कात्री कुठल्या डोळ्यावर लावायची हे चुकलं तर फूट येते, घड येत नाही, आणि ते कळेपर्यंत वर्ष गेलेलं असतं. डॉगरिज या जंगली द्राक्षवेलाच्या खुंटावर पाचर कलम करताना डोळकाडी (वर बसवायची काडी) आणि खुंट यांची जाडी जमली नाही, पट्टी सैल बसली, तर बागेत नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडतात आणि त्या भरण्यात पुढचा सीझन जातो. विरळणीत किती मणी ठेवायचे, डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवणं, कधी थांबवायचं, हे सगळं एका माणसाच्या बोटांवर असतं. २०१० साली युरोपनं आपली द्राक्षं अडवली. मालात क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या सीसीसीचा, अंश सापडला होता. निर्यातदार रडले, बागायतदार बुडाले. त्यानंतर लेबल क्लेम (कुठलं औषध कुठल्या पिकाला मंजूर), काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस), फवारणीची वही हे शब्द बांधावर आले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारी माणसं विषबाधेनं दगावली. ती अडाणी नव्हती. कुठलं औषध कशात मिसळायचं नाही आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे शिकवण्याची तसदी त्यांना कामाला लावणाऱ्या कुणीच घेतली नव्हती. असल्या कामाला अकुशल म्हणणं धोक्याचं आहे, अपमानाचं तर आहेच.

बी.एस्सी. अ‍ॅग्रीला माझा विरोध नाही. चांगली पदवी आहे. सीईटी पुन्हा द्यायची असेल तर द्यावी, यंत्रांकडे ओढा असेल तर आयटीआयचा ट्रॅक्टर मेकॅनिक वर्षभरात होतो, मुक्त विद्यापीठ तर नाशिकलाच आहे आणि तिथले शेतीचे शिक्षणक्रम काम करत करता येतात. पण तुमचा हिशेब मला कळला नाही. राज्यसेवेला बसायला कुठल्याही शाखेची पदवी चालते. कृषीची पदवी लागते ती कृषी सेवेला, आणि त्या जागा किती निघतात, कधी निघतात, हे पुण्यात पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा. ज्याला अधिकारी व्हायचंच नाही त्याला अधिकारी करायला तुम्ही प्लॉट विकताय. गंमत अशी, की या पदवीच्या शेवटच्या वर्षात मुलांना 'रावे' म्हणून गावात पाठवतात, शेतकऱ्याच्या बांधावर बसून शिकायला. म्हणजे डोनेशन भरून, चार वर्षं घालवून तो परत तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी बागेत वही घेऊन उभा राहणार.

लग्नाची भीती मात्र खोटी नाही, ती मी उडवून लावणार नाही. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणं अवघड झालंय, हे गावोगाव दिसतंय. फक्त मुलीचे बाप काय विचारतात ते नीट ऐका. महिन्याला हातात किती येतं, कर्ज किती, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, सुनेला बागेत जावं लागेल का. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पदवीत नाही. अठ्ठावीस वर्षांचा, कॉटबेसिसवर राहणारा, चौथ्यांदा पूर्वपरीक्षा देणारा मुलगाही स्थळांच्या बाजारात काही फार पुढे नसतो. एक विचारू? चार एकरांच्या हिशेबात या मुलाच्या नावावर आजवर एक रुपया तरी काढलाय का? बापाच्या बागेत राबतो त्याचे पैसे मिळत नाहीत आणि टोळीत गेला की संध्याकाळी हातात रोख पडते. तो टोळीकडे का ओढला गेला, याचं निम्मं उत्तर कदाचित इथं असेल.

आता हे पत्र मुलाच्या हातात द्या, पुढचं त्याच्यासाठी आहे.

बाबा रे, मी तुझी बाजू घेतली म्हणून हुरळून जाऊ नकोस. टोळीतलं काम हंगामी आहे. पावसाळ्यात सलग महिना रिकामा जातो, मांडवावरून पडलास तर विमा नाही, आणि रेट झाडामागे असल्यामुळे वय वाढलं की कमाई उतरते. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावताना त्यातलं हायड्रोजन सायनामाईड उघड्या हातांनी हाताळणारे तू पाहिले असशील. त्यांचं बघून तसं करू नकोस, आणि पेस्टिंगच्या दिवसांत दारूला शिवणाऱ्याचं काय होतं ते जुन्या माणसांना विचार. नुसत्या कात्रीवर आयुष्य काढायचं नाही. कलम शिकलास, आता त्याच्या पुढचं शिक. काडी तपासणी, म्हणजे छाटणीआधी कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघणं, कशी करतात ते बघ. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या चर्चासत्रांना जात जा आणि मागच्या रांगेत बसू नकोस. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी लेबल शेवटपर्यंत वाचता आलं पाहिजे. फवारणीची वही ग्लोबलगॅपच्या (निर्यातीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या) तपासणीत टिकेल अशी लिहिता आली पाहिजे. पॅकहाऊसला आणि निर्यातदारांना नेमका असा माणूस लागतो, ज्याला झाडही कळतं आणि कागदही. मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे, तिथं एक सीझन काम मिळालं तर पगाराकडे फार बघू नकोस. रोपवाटिका काढायचं डोक्यात असेल तर तिला परवाना लागतो, १९६९ पासून त्याचा कायदा आहे. तालुका कृषी कार्यालयात जाऊन नियम बघून घे. दोन-चार दिवसांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं गोळा करून भिंतीला लावणारे पुष्कळ भेटतील. पॅकहाऊसवाला तुझी फाईल नंतर उघडेल, आधी हातात कात्री देईल.

आणि इंग्रजीचं जे रडगाणं तू घरी गातोस असं वडील लिहितात, ते बंद कर. ५८ टक्क्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण लेबल न वाचणाऱ्या माणसाच्या हाती मी माझी बाग देणार नाही.

परत तुमच्याकडे. नव्या अर्ध्या एकरावर डॉगरिज लावलंय आणि कलम ऑगस्ट अखेरीस भरायचं, असं तुम्हीच लिहिलंय. त्या अर्ध्या एकराला यंदा बाहेरची टोळी सांगू नका. मुलाला सांगा, त्याचे दोन जोडीदार त्याला आणू द्या, मुकादमाला देता तोच रेट त्याला द्या, आणि बांधावर उभं राहून सूचना करू नका. ऑक्टोबरात किती कलमं फुटली ते मोजा. तो आकडा आणि वर्षभराचा घरचा जमाखर्च, दोन्ही मला कळवा, मग कॉलेजचं बोलू. प्रवेश यंदा हुकला तर पुढच्या वर्षी आहे. विकायला काढलेल्या प्लॉटचा इसार घेतला नसेल तर तोवर घेऊ नका. घेतला असेल तर परत करताना किती सोडावे लागतील तेही लिहा.