पूर्वी भिंती भरून काढायचा, आता कागदाला हात लावत नाही

जुलैचा पाऊस होता. बेळगावच्या वडगावहून एक आई माझ्याकडं आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं थर्मोकोलचं घर. छपरावरचं पाणी पाइपातून टाकीत उतरतं, असं पावसाचं पाणी साठवायचं मॉडेल. टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, हे मी केलंय. रात्री दीडपर्यंत बसून. त्यानं पाइपसुद्धा चिकटवला नाही. दहापैकी नऊ मार्क पडले. आणि आता तो हे घरात ठेवू देत नाही. कपाटावर ठेवलं की काढतो आणि जिन्याखाली टाकतो."

मुलगा सातवीत. त्याला इथं राघू म्हणू. नाव आणि ओळख पटेल असं बाकीचं बदललं आहे, आणि घरच्यांच्या संमतीनंच लिहिते आहे. वडील पॉवरलूमवर कामाला, आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर कन्नड.

"लहान होता तेव्हा भिंती भरून चित्रं काढायचा ओ," आई म्हणाली. "आता कागद दिला की म्हणतो, मला येत नाही. शाळेतनं प्रोजेक्ट आला की तोंड पाडून बसतो. मग करणार कोण? मीच."

पाचवी ते आठवीच्या मुलांचे आईवडील हेच घेऊन येतात. शहापूर असो, अनगोळ असो, खानापूर असो, शब्द तेवढे बदलतात. त्यांना या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात : मुलाचा हात आखडला, आणि प्रोजेक्ट आपल्या गळ्यात पडले. माझ्या मते ही एकच तक्रार आहे, आणि तिचा दुसरा भाग पहिल्याला रोज खतपाणी घालतो.

आधी पहिला भाग. सहा-सात वर्षांचं पोर त्याला जे माहीत आहे ते काढतं. घराच्या समोरची आणि बाजूची भिंत एकाच वेळी दिसते, आई घरापेक्षा उंच असते, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. मुलांच्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास केलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली या वाढीचे टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीत नऊ ते बारा या वयात मुलाला चित्र 'दिसतं तसं' हवं वाटू लागतं, आणि बारा-तेराला तर ते स्वतःच्या चित्राचं कठोर परीक्षक बनतं. पुढचं झाड मागच्या झाडाला झाकतं, लांबचा रस्ता अरुंद दिसतो, गालावर सावली पडते, हे सगळं डोळ्याला कळायला लागतं. हाताला ते अजून जमत नसतं. डोळा पुढं धावतो, हात मागं राहतो. मधल्या त्या अंतरात मूल उभं असतं आणि म्हणतं, मला येत नाही. ही माघार नव्हे. त्याची नजर वाढली, एवढाच त्याचा अर्थ.

नेमक्या त्याच वेळी आई थर्मोकोल घेऊन बसते. तिचं प्रेम असतं, मार्कांची भीती असते, शेजारच्या मुलाचं मॉडेल दुकानातून तयार आलेलं असतं. पण मुलाला काय ऐकू येतं? तुझ्या हातचं चालणार नाही. जी शंका त्याच्या मनात कुजबुजत होती, तिच्यावर घरच्यांनी शिक्का मारला. वर त्या घराला नऊ मार्क मिळाले, आणि वर्गात ते 'राघूचं' म्हणून दाखवलं गेलं. ते जिन्याखाली टाकणं हा उद्धटपणा नव्हता. खोट्याची लाज होती ती, आणि मला ती फार मोलाची वाटली.

पहिल्या भेटीत मीही चूकच केली. कोरा कागद आणि रंगपेटी पुढं ठेवून म्हटलं, तुला हवं ते काढ. ज्याला कोऱ्या कागदाचीच धास्ती बसली आहे, त्याला मी कोरा कागदच दिला. त्यानं कोपऱ्यात नाव घातलं, पट्टी मागितली, चारी बाजूंनी समास आखला आणि मान खाली घालून बसला. मी फोन घ्यायला बाहेर गेले. पंधरा-वीस मिनिटांनी आले तर कागदाचा मधला भाग तसाच कोरा. कडेला मात्र, त्या समासात, बारीक त्रिकोणांची रांग. करवतीच्या दातांसारखी. प्रत्येक दात तेवढाच उंच, तेवढाच रुंद, आणि कोपऱ्यावर वळताना अर्धा दात तिरका बसवून रांग न तोडता पुढं नेलेली. मोठ्या माणसाचीही त्या कोपऱ्यावर फसगत होते.

"हे कुठं बघितलंस?"

"पप्पांच्या मागावर. साडीचा काठ आहे तो."

पुढच्या भेटीला मी वडिलांनाच निरोप दिला : डिझाइनचा एखादा जुना ग्राफ असला तर घेऊन या. ते आले. तोवर आई एकटीच यायची. चौकटीचा मोठा कागद त्यांनी टेबलावर उलगडला आणि मुलाला जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. कागदावरचं एकेक घर म्हणजे ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा एकमेकांना भेटतात ती जागा. रंगवलेलं घर म्हणजे तिथं ताण्याचा धागा वर उचलायचा. त्याप्रमाणं पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, आणि ती पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्रावर फिरते. भोक असेल तिथं धागा उठतो, नसेल तिथं खाली राहतो. (ही युक्ती फ्रान्समधल्या जोझेफ मारी जॅकार्ड यांची, १८०४ सालची. यंत्राला भोकांच्या भाषेत हुकूम देण्याची ही कल्पना पुढं संगणकापर्यंत पोचली. हे राघूला सांगितल्यावर तो वडिलांकडे बघतच राहिला.)

"एक घर चुकलं तर?" त्यानं विचारलं.

"मग ती चूक साडीभर. जितक्या वेळा मोर, तितक्या वेळा चूक."

मी त्याला ग्राफचा कोरा कागद दिला. मोर काढायचा होता. तेच कोऱ्या कागदावर सांगितलं असतं तर 'मोरासारखा दिसत नाही' म्हणून त्यानं चार वेळा खोडला असता. इथं दिसण्याचा प्रश्नच मागं पडला आणि मोजण्याचा पुढं आला. मानेला तीन घरं की चार? तीन केली तर मान ताठ दिसते, चार केली तर बदक होतं. जिभेचं टोक बाहेर काढून तो घरं मोजत होता. एकदा पिसाऱ्याचे डोळे एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सहा झाले. त्यानं खोडरबर घेतला नाही. नुसता पुटपुटला, "एक घर डावीकडं सरकवायचं," आणि दुसरा कागद घेतला. चाळीस मिनिटांनी मान वर करून म्हणाला, "मॅडम, चोच एकाच घरात बसते."

त्या वाक्यात 'मला येत नाही' नव्हतं. चूक त्याच्या अंगाला चिकटली नव्हती, ती कागदावर होती आणि सरकवता येत होती.

बाहेर आईचा चेहरा मात्र उतरलेला. "परत मागावरच बसवायचं काय ओ मॅडम त्याला? त्याच्यासाठीच तर इंग्रजी शाळेत घातलं." तिची भीती अगदी खरी आहे. मागाच्या आवाजात वय गेलेल्या घरातली ती भीती आहे. मी म्हटलं, "ताई, धंदा कुठला करायचा ते तो पुढं ठरवेल. आज त्याला एवढंच कळू दे की आपल्या घरात काहीतरी कठीण आहे, सुंदर आहे, आणि ते माझ्या बाबांना येतं." तिला ते लगेच पटलं असं नाही. पण पुढच्या वेळी ग्राफचे कागद तिनंच आणले.

काही पालक विचारतात, चित्रकलेत पुढं काय आहे? रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार याच बेळगावचे, चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकलेले. अभिमान वाटावा अशीच ही नावं. तरी मी पालकांपुढं ती उत्तर म्हणून ठेवत नाही. बारा वर्षांच्या मुलानं कात्री, माती, सुई, रंग हातात धरायचे ते चित्रकार व्हायला नव्हे. काहीतरी आपल्या हातानं उभं राहतं, बिघडतं, पुन्हा उभं करता येतं, हा अनुभव त्या वयात मिळायला हवा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा असावा असं म्हटलं. वेळापत्रकात मात्र परीक्षा जवळ आल्या की गणिताला पहिला दिला जातो तो चित्रकलेचाच तास.

राघूच्या वर्गशिक्षिकांना भेटले. वर्गात पन्नासच्या वर मुलं, चाळीस मिनिटांचा तास. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आईनं केलेलं मॉडेल त्यांना ओळखता येत होतं, पण तसं म्हणायचं कसं, हा त्यांचा पेच. दोन गोष्टी ठरल्या. प्रोजेक्टची सुरुवात वर्गातच व्हावी, घरी फक्त पुढचं काम. आणि निम्मे मार्क कामाच्या वहीला : पहिला आराखडा, काय बिघडलं, मग काय बदललं. सामान घरातलंच. सजावटीच्या थर्मोकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी प्रोजेक्ट म्हटलं की आपले पाय तिकडंच वळतात.

पुढचा प्रोजेक्ट भूगोलाचा होता, समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. मुलांनी येळ्ळूरचा राजहंसगड घेतला. किराणा दुकानातले खोके कापायचे, प्रत्येक रेषेचा एक थर, खालचा मोठा, वरचा लहान, एकावर एक चिकटवत डोंगर चढवायचा. वरून वर्तमानपत्राचा लगदा. लगद्याची कृती राघूच्या आजीकडून आली. कागद रात्रभर भिजवायचा, सकाळी कुटायचा आणि त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची. मेथीनं चिकटपणा येतो आणि कीडही लवकर लागत नाही. पूर्वी धान्याच्या टोपल्या अशाच लिंपायचे. राघूचा डोंगर एका अंगाला झुकला, कारण दोन थर उलटे बसले होते. वहीत त्यानं तसं लिहिलं. मार्क सहा पडले. आईचा फोन आला, आवाज रडवेला, "माझ्या घराला नऊ होते." मी विचारलं, डोंगर कुठं आहे? म्हणाली, "टीव्हीवर ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाही."

घरी काय करायचं, असं विचारणाऱ्या प्रत्येक आईला मी आधी हात मागं घ्यायला सांगते. सामान आणून द्या, धारदार कटर चालवायचा असेल तर जवळ बसा, बाकी हात आपल्या मांडीवर. "छान" म्हणून विषय मिटवू नका, "हे कसं जमवलंस?" असं विचारा. वाकळीची चिंधी असो, माती असो, खोका असो, मोजता येईल, जुळवता येईल असं काम द्या. आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगते : चित्रांबरोबर खेळही थांबला असेल, मित्र तुटले असतील, जेवण-झोप बिघडून दोनेक आठवडे झाले असतील, तर ती फक्त वाढीची पायरी समजू नका. मुलाला दाखवायला आणा.

दिवाळीत राघूनं गल्लीतल्या मुलांबरोबर किल्ला केला. विटांवर गोणपाट, गोणपाटावर तांबड्या मातीचा राडा, उतारावर पेरलेला अळीव आणि मोहरी. दोन दिवसांनी एका रात्री पाऊस पडला आणि एक बुरूज खचला. आई पहाटे दार उघडून बघते तर माती अंगणभर. ती मला सांगत होती, "हात शिवशिवले बघा मॅडम. तो उठायच्या आत बांधून टाकला असता." पण तिनं त्याला हलवून उठवलं. तो डोळे चोळत बाहेर आला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "असू दे. तोफ लागलीय तिथं. तू फक्त माती कालवून दे, आतली तटबंदी मी करतो."

ती माती कालवत बसली.