हातात धरायच्या छोट्या उपकरणाला दोन बटणं पुरतील का, की टचस्क्रीनच लावावी?

तुम्ही तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं, एका हातात मावणारं उपकरण बनवताय. त्याला ०.९६ इंची, १२८ × ६४ पिक्सेलची ओएलईडी स्क्रीन आहे. वेळ लावणं, अलार्मच्या मर्यादा ठरवणं, रेकॉर्डिंग चालू-बंद करणं ही कामं कमीत कमी बटणांत बसवायची आहेत. मी बरीच वर्षं अशाच लहान उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लिहितोय, म्हणून सरळच सांगतो. दोन बटणांत हे सगळं बसेल, पण बसवू नका. टच तर मुळीच नको. चार बटणं आणि एक स्लाइड स्विच (सरकवून चालू-बंद करायचा) घ्या.

टचचा निकाल आधी लावू, कारण तो नुसत्या मोजपट्टीनं लागतो. तुमच्या स्क्रीनचा उजळणारा भाग साधारण २१.७ मिमी रुंद आणि १०.९ मिमी उंच असतो. बोट खात्रीनं टेकवता यावं अशी जागा ९ मिमीच्या आसपास लागते. अँड्रॉइडची ४८ डीपीची (डीपी हे त्यांचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) शिफारस प्रत्यक्षात जवळपास तेवढीच भरते. म्हणजे या स्क्रीनवर अशा दोनच जागा बसतात, त्याही एकाच ओळीत. आणि बोट टेकवलं की जो आकडा बघायचा तोच झाकला जातो. कपॅसिटिव्ह टच, म्हणजे फोनसारखा बोटाचा विद्युत परिणाम ओळखणारा, साध्या जाड हातमोज्यातून चालत नाही, काचेवर थेंब पडले की बेभरवशाचा होतो. आर्द्रता मोजायला निघालेल्या माणसाचे हात कोरडेच असतील असं धरून कसं चालेल? शिवाय काच बोटाला काहीच सांगत नाही. टेलिफोनच्या ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो, त्यावरून न बघता बाकीची बटणं सापडतात. ही सोय सपाट काचेवर आणता येत नाही.

आता दोन बटणांकडे येतो. कमी बटणं म्हणजे सोपं उपकरण, असं फोटोत दिसतं. पण कामं तेवढीच राहतात, ती फक्त बटणांवरून उचलून वापरणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली जातात. एक बटण वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम करायला लागतं आणि आत्ता ते कुठलं काम करणार, हे माणसाला लक्षात ठेवावं लागतं.

घड्याळ लावायचंच उदाहरण घ्या. 'सेट' आणि 'वर' अशी दोनच बटणं आहेत, स्क्रीनवर ०७:४२ आहे आणि वापरणाऱ्याला ०७:४० करायचे आहेत. तो 'सेट' दोन सेकंद दाबून धरतो, तास लुकलुकायला लागतात. पुन्हा 'सेट', आता मिनिटं लुकलुकतात. इथून ४२ वरून ४० वर यायला 'वर' ५८ वेळा दाबावं लागतं: ४३, ४४, ... ५९, ००, ०१, आणि मग कधीतरी ४०. दाबून धरलं तर आकडे पळतात, अंगठा उचलेपर्यंत ४१ झालेले असतात आणि अख्खी फेरी पुन्हा. 'खाली' असं तिसरं बटण असतं तर दोन दाबांत काम झालं असतं. त्या बटणाची किंमत काय? एक स्विच, कंट्रोलर चिपची एक पिन, केसला (बाहेरच्या खोक्याला) एक भोक. एवढ्यासाठी माणसाला ५८ वेळा अंगठा आपटायला लावणं मला पटत नाही.

हा त्रास नुसता कंटाळ्याचा असता तरी चाललं असतं. उपकरण आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हे लपलं की धोका सुरू होतो. रक्तातली साखर मोजणाऱ्या काही मीटरमध्ये मापाचं एकक सेटिंगमधून बदलता यायचं, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवरून मिलिमोल प्रति लिटरवर. या दोन एककांत १८ पटींचा फरक आहे. तारीख-वेळ लावताना चुकून एकक बदललं जातं आणि रुग्ण आकडा भलताच वाचतो, असे प्रकार झाले, आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्याबद्दल जाहीर सूचना काढली. तुमच्या उपकरणात सेल्सिअस-फॅरेनहाइट हीच गोष्ट आहे. एकक आकड्याला चिकटून, ठसठशीत आणि कायम दिसलं पाहिजे. ते बदलण्याची जागा रोजच्या मेनूपासून लांब ठेवा आणि वेळ लावण्याच्या वाटेत तर कधीच आणू नका.

कोणी म्हणेल, जुने फोन एका बटणावर चालायचेच की. २००० साली आलेला नोकिया ३३१० आठवा. स्क्रीनखाली एकच मोठं बटण, त्याचं काम सतत बदलायचं, तरी लोक क्वचितच गोंधळायचे. कारण त्या घडीला ते बटण काय करणार आहे, हे स्क्रीनच्या खालच्या ओळीत बरोबर त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं. आणि नीट मोजलंत तर मेनूसाठी तिथेही चार कामं होती: ते मोठं बटण निवडीला, 'सी' मागे यायला, आणि वर-खाली सरकायला जोडबटण. मी जी चार बटणं सुचवतोय ती हीच: वर, खाली, निवड, मागे.

यातलं 'मागे' सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक पहिल्यांदा कापतात. ते कुठेही दाबलं तरी एक पायरी बाहेर आणेल, काहीही सेव्ह करणार नाही, काहीही पुसणार नाही. दाबून धरलं तर थेट मुख्य स्क्रीनवर. असं एक बटण आपल्या हाताशी आहे हे कळलं की माणूस बिनधास्त मेनू उघडून बघतो. ते नसलं की तो घाबरून काही दाबतच नाही, आणि तुम्ही मेहनतीनं लिहिलेली निम्मी सेटिंग्ज पडून राहतात.

स्लाइड स्विच रेकॉर्डिंगसाठी ठेवा. त्याची अवस्था डोळ्यांना दिसते आणि अंधारात बोटालाही कळते. मात्र त्यानं वीज तोडू नका, फक्त फर्मवेअरला इशारा द्या, म्हणजे शेवटची नोंद फाइलमध्ये नीट लिहून मगच रेकॉर्डिंग थांबेल.

फिरतं चाक म्हणजे रोटरी एन्कोडर लावावा का, हा विचारही तुमच्या मनात येईल. लांब यादीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. २००१ च्या आयपॉडला हजार गाण्यांतून वाट काढायची होती, म्हणून तिथे चाक शोभलं. तुमच्या मेनूत फार तर दहा ओळी असतील. एका हातात उपकरण धरून त्याच हातानं छोटी खुंटी फिरवणं अवघड जातं, आणि दांड्याच्या भोवतीनं पाणी आत जायला वाट मिळते ती वेगळी. सोडून द्या.

आता बटणं कुठे बसवायची. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक १९९६ मध्ये बाजारात आला, त्याआधी त्याचा निर्माता जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरत आणि तो खरंच चालतोय असं समजून वापरत. हे तुम्ही उद्याच करू शकता. केसच्या मापाचा ठोकळा घ्या, बॅटरी जिथे येणार तिथे तेवढं वजन चिकटवा, आणि लोकांच्या हातात द्या. वजन वरच्या टोकाला असेल तर माणूस उपकरण वर सरकवून धरतो आणि खालची बटणं अंगठ्याच्या टप्प्याबाहेर जातात. हे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये कधीच दिसत नाही. अंगठा आपसूक टेकतो तिथे खूण करा, तिथे 'निवड'. बटणं स्क्रीनच्या खाली ठेवा, बाजूला नकोत; दहातला साधारण एकजण डावखुरा असतो आणि बाजूच्या बटणांकडे जाताना त्याचा हात स्क्रीनवरून जातो. दोन बटणांच्या मध्यांत १२ मिमीपेक्षा कमी अंतर मी ठेवत नाही. ठोकळ्यावरच तळहात कुठे येतो तेही बघून घ्या, कारण सेन्सरची भोकं त्याखाली आली तर तुमचं उपकरण खोलीच्या ऐवजी हाताची ऊब आणि घाम मोजत बसेल.

स्विच साधे ६ × ६ मिमीचे टॅक्ट, म्हणजे दाबल्यावर 'टक्' करणारे छोटे स्विच, चालतील. ते जेमतेम पाव मिलिमीटर दबतात, म्हणून सगळी मजा दाबाच्या जोरात आणि 'टक्' मध्ये असते. १०० ग्रॅम-बलाचा (१०० ग्रॅम वजनाएवढ्या जोरानं दबणारा) स्विच खिशात आपोआप दबतो, २६० चा रोज वापरणाऱ्याचा अंगठा दुखवतो. मी १६० च्या आसपासचा घेतो आणि बटणाची टोपी केसच्या पातळीच्या किंचित आत ठेवतो. टोपी आणि स्विच यांच्यात अगदी बारीक फट हवीच. ती नसली तर झाकणाचे स्क्रू आवळल्यावर बटण कायमचं दबलेलं राहतं, आणि फट जास्त झाली तर टोपी खुळखुळते.

फर्मवेअरवर थोडा जास्त वेळ घेतो, कारण चांगली बटणं इथेच वाया जातात. स्विचचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाचे तीन-चार दाब मोजले जातात. वापरणाऱ्याला ते कळत नाही, त्याला वाटतं आपलाच हात चुकला. बटणं इंटरप्टवर (दाब येताच चालू काम थांबवून प्रोसेसरला तिकडे वळवणारी सोय) टाकू नका. दर ५ मिलिसेकंदांनी टायमरमधून वाचा आणि सलग चार वेळा तेच आलं तरच खरं माना. त्यात २० मिलिसेकंद जातात, पण दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात काहीतरी घडलं तर माणसाला ते 'लगेच'च वाटतं, त्यामुळे हा उशीर जाणवत नाही.

खरा उशीर तुम्ही स्वतः घालता, एका बटणावर कामं रचून. बटणाला एकच काम असेल तर ते दाबल्याक्षणी करता येतं. त्यावर 'दाबून धरा' आणलं की साधा दाब ओळखायला बोट उचलेपर्यंत थांबावं लागतं. त्यावर 'दोनदा दाबा' आणलं की बोट उचलल्यावरही आणखी पाव-एक सेकंद वाट बघायची, न जाणो दुसरा दाब येईल. म्हणजे क्वचित लागणाऱ्या कामासाठी रोजचा प्रत्येक दाब मंद झाला. लोक म्हणतात उपकरण 'हँग होतं', आणि बिचारा प्रोसेसर रिकामा बसलेला असतो. दोनदा दाबणं पूर्ण टाळा. दाबून धरल्यावर वेगळं काम हे फक्त 'मागे' ला ठेवा, आणि मुदत भरली की लगेच मुख्य स्क्रीन दाखवा. बोट उचलायची वाट पाहिली तर माणसाला पुरेसं धरलं की नाही हेच कळत नाही.

वर-खाली ही बटणं दाबल्याक्षणीच एक पाऊल टाकतात, ती दाबून धरल्यावर तेच काम पुन्हा पुन्हा होऊन आकडे आपोआप पळू द्या: पहिल्या पावलानंतर अर्धा सेकंद काही नाही, मग सेकंदाला पाचेक पावलं, दोन सेकंदांनंतर वेग वाढवा. मिनिटं ५९ वरून ०० वर फिरली तर बरोबर. अलार्मची मर्यादा मात्र टोकाला पोचल्यावर थांबलीच पाहिजे; कमाल तापमानावरून एका दाबात किमान तापमानावर उडी मारणारा अलार्म नंतर ज्यावर नजर ठेवायची तो माल खराब करतो. स्क्रीन झोपलेली असताना पहिला दाब फक्त तिला जागं करेल, बाकी काही नाही. न दिसणाऱ्या मेनूतलं काहीतरी निवडलं गेलं, हा प्रकार होताच कामा नये.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. तिचा एक पिक्सेल ०.१७ मिमीचा आहे, म्हणजे ८ पिक्सेलचा फॉन्ट जेमतेम १.४ मिमी उंच. ४० सेंमीवरून आरामात वाचायला साधारण २.३ मिमी लागतात, तेव्हा १६ पिक्सेलचा फॉन्ट घ्या आणि चारच ओळींत भागवा. चाळिशी ओलांडलेले लोक तुमचे आभार मानतील. ओएलईडीवर तेच आकडे महिनोन् महिने एकाच जागी राहिले तर त्यांचा ठसा उमटतो, म्हणून थोड्या-थोड्या वेळानं सगळं एक-दोन पिक्सेल सरकवत राहा. उपकरण भर उन्हात वापरायचं असेल तर मात्र ओएलईडी सोडून परावर्तनी (बाहेरच्या उजेडावर दिसणारी) एलसीडी बघा. अलार्मचा एलईडी नुसता लाल-हिरवा ठेवू नका, लाल-हिरव्यात फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, कमी नाहीत. धोक्याला वेगानं लुकलुकणं, ठीक असल्यास अधूनमधून एक मंद चमक, एवढं पुरतं.

केस पक्की करण्याआधी हे सगळं ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायचा फळा) आणि थ्रीडी प्रिंट केलेल्या खोक्यावर चालवून बघा. ज्यानं उपकरण कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला द्या, एवढंच सांगा की '८ अंशांच्या वर गेलं की वाजलं पाहिजे असं कर', आणि गप्प बसा. तो काय बोलतो यापेक्षा त्याचा अंगठा बघा. अंगठा दोन बटणांच्या मधे हवेत थांबला की त्या क्षणी स्क्रीनवर काय होतं ते टिपून घ्या, तिथला मजकूर बदला. अशा माणसांत एक डावखुरा, एक चष्म्याशिवाय वाचणं जड जाणारा आणि एक हातमोजे घालून काम करणारा असू द्या, आणि चाचणी टेबलाशी बसून नको, उभ्यानं, दुसऱ्या हातात काहीतरी धरून व्हावी.

केसचं ड्रॉइंग आणि मेनूची यादी इथे टाकलीत तर बटणांच्या जागा आणि मेनूचा क्रम बघून सांगेन.