प्रोजेस्टेरॉन डिशमध्ये की गाईला?

प्रश्न : आर्वी तालुक्यात (जि. वर्धा) आमचा गवळाऊ गाईंचा गोठा आहे. दोन गाईंत प्रयोगशाळेतले भ्रूण ठेवले, दोन्ही उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या). प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) गर्भ टिकवतं, तर भ्रूण वाढवतात त्या द्रवातच ते का घालत नाहीत?

उत्तर : घालून पाहिलंय, पण गाईच्या भ्रूणाला खात्रीचा फायदा दिसला नाही. ३८.५ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ५ टक्के ऑक्सिजन मिळाला की संप्रेरकाशिवायही तो सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (गर्भाशयात ठेवण्याजोगा, आत पोकळी असलेला भ्रूण) होतो. प्रोजेस्टेरॉनचं काम मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तरावर चालतं. अस्तरातल्या ग्रंथी पोषक स्राव सोडतात, त्यावर भ्रूण पोसला जाऊन तेराव्या-चौदाव्या दिवसापासून लांबत जातो. सोळाव्या दिवसाच्या सुमारास तो इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडतो. ‘गर्भ आहे’ असा गाईच्या शरीराला तो निरोपच, म्हणून अंडाशयावरचा पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन तयार करणारी गाठ) टिकतो. खुंटलेल्या भ्रूणाचा हा निरोप तोकडा पडतो आणि गाय पुन्हा माजावर येते.

डिशमधल्या प्रयोगांत एक मेख आहे. द्रवाचे थेंब खनिज तेलाखाली ठेवतात. प्रोजेस्टेरॉन स्निग्धात विरघळणारं, त्यामुळे बरंचसं तेलातच जातं; लेबलवरची मात्रा भ्रूणापर्यंत पोचतच नाही. शिवाय ते अल्कोहोलमध्ये विरघळवून घालतात. तुलनेच्या थेंबात तेवढंच अल्कोहोल नसेल तर निकालाला अर्थ नाही.

तेव्हा लक्ष गाईकडे द्या. ती माजावर उभी राहिली तो दिवस आणि वेळ लिहून ठेवा. सात दिवसांचा भ्रूण माजानंतर ६ ते ८ दिवस झालेल्या गाईतच ठेवावा आणि पीतपिंड ज्या बाजूला असेल त्याच बाजूच्या गर्भाशयाच्या शिंगात (फाट्यात). मनाने प्रोजेस्टेरॉन टोचू नका. माजानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलं तर पीतपिंड लवकर विरू शकतो, म्हणजे उलट नुकसान. विदर्भातल्या मे महिन्यात भ्रूण ठेवण्याचा आग्रहही नको; तापलेल्या गाईत गर्भ टिकणं कठीण.

आपल्या गाई नेमक्या कधी उलटल्या? भ्रूण ठेवल्यावर १४ दिवसांच्या आसपास, म्हणजे मूळ माजापासून २१व्या दिवशी उलटली असेल तर भ्रूण आधीच गेला किंवा त्याचा निरोप पोचला नाही. त्याहून बऱ्याच उशिरा उलटली असेल तर तो निरोप दिल्यानंतर गेला असावा. या तारखा पशुवैद्यकाला दाखवा. दोन्ही गाईंना एकच उपाय लागेल असं नाही.