‘ग्रहणशील’ आणि ग्रहण

प्रश्न : आमच्या वसाहतीतील एका निवृत्त शिक्षकांच्या मानपत्रात मी ‘सर नव्या विचारांना ग्रहणशील आहेत’ असे लिहिले. मसुदा वाचून सून म्हणाली, “आई, सरांना ग्रहण लागलंय का?” शब्द चुकला का?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : शब्द चुकलेला नाही, वाक्यरचना मात्र अडखळते आहे. संस्कृत ‘ग्रह्’ धातूचा अर्थ घेणे, धरणे. राहू सूर्याला धरतो या समजुतीमुळे ते ग्रहण झाले आणि पाणिग्रहण, संग्रह, ग्राहक, एवढेच काय, आग्रहसुद्धा याच धातूपासून आला. मराठी कानाला ‘ग्रहण’ म्हटले की आधी ‘दे दान, सुटे गिराण’ आठवते. आपल्या इंदुरात मात्र प्रत्येक समारंभात ‘आसन ग्रहण कीजिए’ ऐकावे लागत असल्याने ‘घेणे’ हा अर्थ आपल्या अंगवळणी पडला आहे. (सूनबाई पुण्याकडच्या असाव्यात.)

सहनशील, विचारशील यांतल्याप्रमाणे येथेही ‘शील’ स्वभाव दाखवते. ग्रहणशक्ती वेगळी. एकदा सांगितलेले गणित ज्याला चटकन उमजते, त्या मुलाची ग्रहणशक्ती चांगली. पण ‘आमच्या क्लासमध्ये असं शिकवत नाहीत’ म्हणून तो दुसरी रीत पाहायलाच तयार नसेल, तर त्याला ग्रहणशील म्हणता येणार नाही. तसेच, जो येईल त्याच्या हो ला हो करणाराही ग्रहणशील नव्हे, कारण घेण्यात पारखून घेणे आलेच. इंदूरचे गायक उस्ताद अमीर खाँ यांनी अब्दुल वहीद खाँ यांची विलंबित लय, देवासच्या रजब अली खाँ यांची तान आणि अमान अली खाँ यांची मेरुखंड (स्वरांचे क्रम बदलत गाण्याची) पद्धत या तिन्हींतून घेतले, तरी त्यांचे गाणे त्यांपैकी कोणाचीही नक्कल वाटत नाही.

आता तुमचे वाक्य. ‘विचारांना अनुकूल’ मराठीत चालते, पण ‘विचारांना ग्रहणशील’ हे इंग्रजी वळण आहे. ‘सरांचे मन ग्रहणशील आहे’ एवढे पुरे. आणि मानपत्र मोठ्याने वाचले जाणार असेल, तर ‘नवा विचार कोणीही सांगो, सर तो आधी नीट ऐकून घेतात’ हे मला अधिक बरे वाटते. शब्द ठेवलाच, तर ‘गृहीत’च्या प्रभावाने छापखान्यात ‘गृहणशील’ होत नाही ना, एवढे मात्र चौकट करण्याआधी पाहून घ्यावे.