बोर्ड रात्री दिसावा म्हणून कोणतं रेडियम घ्यावं?

तुम्ही विचारलंय, सोसायटीच्या आतल्या वळणावर बाणाचे बोर्ड लावायचेत, इंजिनिअर ग्रेड, म्हणजे साधं रेडियम, स्वस्तात मिळतं, मग जास्त चमकणाऱ्या हाय इंटेन्सिटीला जास्त पैसे का मोजायचे?

नका मोजू, जर तिथून फक्त तुमच्या गाड्या जाणार असतील तर. पण पाण्याचा टँकर येतो ना? शाळेची बस? मग वाचा.

कुर्ल्याला रेडियम कटिंगचा गाळा होता आमचा, माझा आणि दाजींचा भागीदारीत. शिवडीच्या एका गोदामाच्या आवारातलं काम आलं. आतला रस्ता काटकोनात वळतो आणि समोर भिंत. पिवळ्यावर काळे बाण करायचे होते. दाजी म्हणाले, इंजिनिअर ग्रेड मारून टाक. मी म्हटलं, रात्री ट्रेलर येतात तिथे, प्रिझमॅटिक घेऊ, म्हणजे बारीक प्रिझमवालं, जास्त चमकणारं. दाजींनी शटर ओढलं, ट्यूब बंद केली, मोबाईलची टॉर्च डोळ्याजवळ धरली आणि म्हणाले, "हे बघ, पेटलंय नुसतं. अजून काय पाहिजे तुला?"

टॉर्च डोळ्याला लावून बघितलं तर कुठलंही रेडियम पेटतं. ते प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतं, तोही अरुंद झोतात. कारमध्ये हेडलाइटच्या वर साधारण दोन फुटांवर डोळा असतो, ट्रेलरमध्ये चार फुटांच्याही वर. बोर्डावरून बघितलं तर हेडलाइट आणि डोळा यांच्यात जो कोन होतो, त्याचा साठ मीटरवरून हिशेब केलात तर कारवाल्याचा कोन अर्ध्या अंशाच्या थोडा पुढे जातो, ट्रेलरवाल्याचा एका अंशाच्या पुढे. झोत त्याच्या डोळ्याखालून निघून जातो.

दाजींचंच चाललं, इंजिनिअर ग्रेडचे बोर्ड लागल्यावर दाजींना रात्री तिथे घेऊन गेलो. कारमधून बाण छान दिसले. मग एका ड्रायव्हरला हातापाया पडून दाजींना केबिनमध्ये चढवलं. बोर्ड तेच, अंतर तेवढंच, आणि पिवळा रंग मळलेल्या हळदीच्या फडक्यासारखा. बाण डावीकडे की उजवीकडे, ते जवळ गेल्यावरच कळलं. दाजी खाली उतरले आणि म्हणाले, "काच घाण आहे त्याची." आजही घरात लग्नकार्य निघालं की हा विषय निघतो, आणि त्यात चूक माझ्या स्क्वीजीची, म्हणजे शीट दाबून चिकटवायच्या पट्टीची असते. म्हणे खाली बुडबुडे राहिले होते. बुडबुडे नव्हते.

दुकानात डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद मागा. कोणत्या कोनाला किती प्रकाश परत येतो ते त्यावर असतं, आणि मोठा आकडा बहुतेक ०.२ अंशाचा असतो. अमेरिकन एएसटीएम डी ४९५६ या मानकात पांढऱ्या इंजिनिअर ग्रेडला किमान ७०, हाय इंटेन्सिटी प्रिझमॅटिकला ३६०, त्याच्याही वरच्या टाइप ११ ला ५८०. पण इंजिनिअर ग्रेडसाठी त्यात ०.५ अंशाच्या पुढे आकडाच नाही. टाइप ११ ला १ अंशाचाही आहे. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बोर्डांच्या नियमावलीत, आयआरसी ६७ मध्येही शीटचे वर्ग आहेत, पण दुकानदाराला वर्गापेक्षा १ अंशाचा आकडा विचारा. तो गडबडला की समजा, टॉर्चवाला आहे.

तुमच्या वळणाला हाय इंटेन्सिटी प्रिझमॅटिक पुरे. टाइप ११ चा हट्ट धरू नका, तो मोठ्या रस्त्यावरच्या डोक्यावरच्या बोर्डांना शोभतो, कारण लो बीमचा प्रकाश वर फार जातच नाही. इंजिनिअर ग्रेड पार्किंगच्या नंबरांना लावा.

लाल गोल किंवा लाल पट्टी करणार असाल तर साधं लाल व्हिनायल वर चिकटवू देऊ नका. दिवसा झकास दिसतं, रात्री काळं. लाल पारदर्शक फिल्म किंवा लाल रेडियमच हवं. पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा घेतलात तर भंगारवाला तो आधी बघेल. एसीपीला, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटला, भंगारात फारसा भाव नसतो, म्हणून तो टिकतो. कुणी पोस्टर चिकटवलं तर थिनरने घासू नका, साबणाच्या पाण्यात भिजवून काढा.

एक राहिलं. हे सगळं गेटच्या आतलं. बाहेरच्या महापालिकेच्या रस्त्यावर स्वतःचा बोर्ड ठोकू नका, वॉर्ड ऑफिस आणि ट्रॅफिक पोलिसांना अर्ज द्या. आणि दाजी हे वाचतील, कारण ते इथेच पडीक असतात. दाजी, ट्रेलरची काच मी स्वतः पुसली होती, तुम्ही चढायच्या आधी.