वाचकांचे प्रश्न : पुस्तकाशी इमान राखणारा स्क्रूज

प्रश्न : आमच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या वीस-बावीस मुलांचा वाचनगट आहे. यंदा नाताळच्या सुट्टीपर्यंत चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा मुलांबरोबर वाचून संपवायची आणि मग तिचे एखादे दूरचित्रवाणी रूपांतर त्यांना दाखवायचे, असे आम्ही ठरवले आहे. रूपांतरे पुष्कळ दिसतात. मुले पुस्तक नुकतेच वाचून आलेली असतील, म्हणून मुळाशी सर्वांत प्रामाणिक असेल तेच दाखवावे, अशी इच्छा आहे. आपण कोणते सुचवाल?
– एक ग्रंथपाल, फोंडा

उत्तर : जॉर्ज सी. स्कॉट यांनी स्क्रूजची, म्हणजे कथेतल्या कंजूष व्यापाऱ्याची, भूमिका केलेले १९८४ सालचे रूपांतर दाखवा, असे मी सुचवीन. मात्र ‘सर्वांत प्रामाणिक’ या शब्दांची थोडी फोड करायला हवी, कारण प्रसंगाला प्रसंग लावून पाहिले तर याच्याहून काटेकोर रूपांतरे सापडतात आणि तरीही माझे मत याच्याच बाजूने पडते.

हे रूपांतर १७ डिसेंबर १९८४ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर प्रथम दाखवले गेले. ब्रिटनमध्ये ते चित्रपटगृहांतही लागले. दिग्दर्शक क्लाइव्ह डॉनर यांना ही कथा नवी नव्हती. अ‍ॅलेस्टर सिम यांनी गाजवलेल्या १९५१ सालच्या ‘स्क्रूज’ चित्रपटाचे संकलन त्यांनीच केले होते, म्हणजे या कथेचा तुकडा न् तुकडा एकदा हाताखालून गेल्यावर तेहेतीस वर्षांनी ते पुन्हा तिच्याकडे वळले. चित्रीकरण इंग्लंडमधील श्रूजबरी या जुन्या गावात झाले. तेथील सेंट चॅड चर्चच्या आवारात स्क्रूजच्या नावाची शिळा चित्रीकरणासाठी ठेवली होती, ती मागे तशीच राहिली आणि लोक ती पाहायला जाऊ लागले. मुलांना हे जरूर सांगा. कधीच न जन्मलेल्या माणसाची कबर त्यांच्या लक्षात राहील.

आता प्रामाणिकपणाविषयी. ही भुताची गोष्ट आहे हे खरे, पण ते भूत अंगावर काय घेऊन येते ते पाहा. स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ली याच्या कमरेला आवळलेली साखळी पैशांच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपे, खातेवह्या, दस्तऐवज आणि पोलादी थैल्या यांची घडवलेली आहे. जन्मभर ज्या वस्तूंना त्याने जपले, त्याच मेल्यानंतर त्याला ओढत न्याव्या लागतात. कथेत पैसा असा सगळीकडे मोजून ठेवलेला आहे. कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला पंधरा शिलिंग मिळतात आणि त्याच्या शेगडीत कोळशाचा जवळजवळ एकच तुकडा असतो. हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी निघाले तेव्हा त्याची किंमत पाच शिलिंग होती. बॉबला स्वतःचीच गोष्ट विकत घ्यायची असती, तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा खर्ची पडला असता. पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या, त्या घेणारे लोक अर्थातच बॉबपेक्षा बऱ्या स्थितीतले होते, आणि डिकन्स बोलत होते तेही त्यांच्याशीच.

ते कशाविषयी बोलत होते, हे मुलांना ठाऊक असल्याशिवाय रूपांतराची पारख होणार नाही. डिकन्स बारा वर्षांचे असताना, १८२४ साली, त्यांच्या वडिलांना कर्जापायी तुरुंगात जावे लागले आणि मुलाला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटवण्याचे काम करावे लागले. पुढे १८३४ च्या कायद्याने गरिबांना मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे कष्ट करवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहात, दाखल होण्याची सक्ती आली. १८४३ च्या सप्टेंबरमध्ये डिकन्स लंडनच्या फील्ड लेनमधील, फाटक्या कपड्यांतल्या मुलांसाठी चालवलेली शाळा पाहून आले, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांनी ही कथा लिहिली. वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना स्क्रूज विचारतो, “तुरुंग नाहीत का? वर्कहाऊसे नाहीत का?” तो प्रश्न अशा माणसाने लिहिलेला आहे.

मार्लीनंतर स्क्रूजकडे होऊन गेलेल्या, चालू आणि येणाऱ्या नाताळांची तीन भुते एकामागून एक येतात. त्यांतले दुसरे भूत आपला झगा बाजूला करते आणि त्याखालून दोन मुले बाहेर येतात. मुलगा म्हणजे अज्ञान आणि मुलगी म्हणजे दारिद्र्य. दोघेही पिवळी पडलेली, कातडी सुरकुतलेली, फाटकी. यांना काही आसरा नाही का, असे स्क्रूज विचारतो, तेव्हा भूत त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर परत टाकते : “तुरुंग नाहीत का?” माझ्या दृष्टीने प्रत्येक रूपांतराची कसोटी इथे लागते. मुलांसाठी म्हणून केलेल्या कित्येक रूपांतरांत हा प्रसंग गाळलेला असतो. मग बर्फ, दिवे, मेजवानी एवढेच उरते आणि स्क्रूज म्हणजे एक कुरकुऱ्या म्हातारा होऊन बसतो. डॉनर यांनी तो प्रसंग ठेवला आहे, आणि एडवर्ड वुडवर्ड यांनी रंगवलेले दुसरे भूत त्या क्षणापर्यंत इतके हसरे असते की त्याचा बदललेला आवाज ऐकून पाहणाराही दचकतो.

बदल आहेत, आणि आपली मुले ते पकडतील. पुस्तकातला स्क्रूज वाळका, टोकदार नाकाचा, गाल आत गेलेला. स्कॉट भरदार अंगाचे, रुंद खांद्यांचे. स्क्रूजचे वडील पुस्तकात प्रत्यक्ष येत नाहीत, त्यांचा केवळ बहिणीच्या बोलण्यात उल्लेख आहे. येथे मात्र ते शाळेच्या बाहेर उभे राहून मुलाशी थंडपणे बोलताना दिसतात. सर्वांत मोठी भर म्हणजे बाजारातला प्रसंग. स्क्रूज धान्याचा साठा राखून आहे, घेणारे आदल्या दिवशीच्या भावाने मागतात, तर तो शांतपणे भाव वाढवून सांगतो. हा प्रसंग पुस्तकात नाही. तरीही मी त्याला बेइमानी म्हणणार नाही. बाजारात स्क्रूजच्या शब्दाला वजन होते, असे डिकन्स पहिल्याच पानावर सांगतात. त्या एका वाक्याचा हा प्रसंग झाला आहे. शिवाय परदेशी धान्यावर जकात बसवणारे कायदे १८४६ पर्यंत इंग्लंडमध्ये लागू होते, म्हणून १८४३ साली धान्याचा भाव हा भुकेचाच प्रश्न होता. स्कॉट त्या व्यवहाराच्या वेळी रागावत नाहीत, ओरडत नाहीत. त्यांना त्यात मजा येते, आणि आपले बरोबर आहे याची त्यांना पुरेपूर खात्री असते. म्हणूनच रात्री क्रॅचिटच्या घरात उभे राहून, त्याच्या लहानग्या आजारी मुलाविषयी, “टायनी टिम जगेल का?” असे ते विचारतात तेव्हा खरोखरच एका हिशेबी माणसाला पहिल्यांदा असा आकडा भेटला आहे, जो त्याला लिहून ठेवता येत नाही, असे वाटते.

एक गोष्ट मात्र या रूपांतराला पुरती आणता आलेली नाही, ती म्हणजे निवेदक. पहिले भूत पलंगाचा पडदा बाजूला सारते तेव्हा डिकन्स मध्येच वाचकाला सांगतात की, ते भूत स्क्रूजच्या जितके जवळ होते तितकाच मी आत्ता तुमच्या जवळ आहे, मनाने तुमच्या कोपराशी उभा आहे. एवढे एक वाक्य दिव्याच्या उजेडात मोठ्याने वाचून दाखवा. पडद्यावर त्याची जागा घेणारे काही नाही.

आणि एक भाग या रूपांतरात नाही, तो आपण गोव्यात तरी गाळू नये. दुसरे भूत स्क्रूजला खाणकामगारांच्या झोपडीत, मग समुद्रातल्या दीपगृहात आणि तेथून एका जहाजावर नेते. जहाजावरचा प्रत्येक माणूस नाताळची धून गुणगुणतो किंवा शेजाऱ्याला हलक्या आवाजात घरच्या जुन्या नाताळाची आठवण सांगतो. पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्या १९९९ च्या दूरचित्रवाणी रूपांतरात हा सगळा प्रवास घेतला आहे आणि त्या दृष्टीने ते अधिक काटेकोर आहे. आपल्या गटातल्या एखाद्या मुलाचे वडील किंवा मामा तारवटी असतील, नाताळला बोटीवर असतील. त्यांच्या घरी नेवऱ्या आणि दोदोल कोणासाठी राखून ठेवतात, हे त्या मुलाला सांगावे लागत नाही. स्कॉट यांचे रूपांतर पूर्ण दाखवा आणि त्याआधी जहाजाचे ते पान त्या मुलाकडून वाचून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि मोठ्या भावाबरोबर हे रूपांतर पाहण्याचा हट्ट धरते. ती घाबरेल का?
– एक आई, मडगाव

उत्तर : एका ठिकाणी नक्की घाबरेल. मार्लीच्या डोक्याभोवती हनुवटीखालून एक फडके बांधलेले आहे. ते तो सोडतो आणि त्याचा खालचा जबडा छातीवर लोंबू लागतो. मृताचा जबडा बांधतात हे आपल्याकडच्या मोठ्या माणसांना सांगावे लागत नाही, पण मुलांना ठाऊक नसते. त्यांना अचानक दिसते ते उघडे पडलेले तोंड. हे पुस्तकात तसेच आहे आणि फ्रँक फिनले यांनी ते जसेच्या तसे केले आहे. तो प्रसंग येण्यापूर्वी तिला फडक्याचे कारण सांगून ठेवा, शेजारी बसा, आणि शेवटचे काळे, अबोल भूत येते तेव्हाही उठून जाऊ नका. चित्रांचे रूपांतर सौम्य असेल, या समजुतीने १९७१ चे रिचर्ड विल्यम्स यांचे अ‍ॅनिमेशन तिला दाखवायला जाल तर फसाल. ते प्रथम दूरचित्रवाणीवर आले, पुढे त्याला ऑस्कर मिळाले, आणि माझ्या मते ते सर्वांत भयावह आहे. आणखी दोन वर्षे थांबलात तरी काही बिघडत नाही. गोष्ट तोवर तोंडी सांगता येते.

प्रश्न : आमचे मंडळ दरवर्षी जत्रेला मराठी नाटक करते. या कथेचे मराठी नाट्यरूपांतर लिहायला घेतले आहे. ‘घोस्ट’ला भूत म्हणावे की आत्मा? स्क्रूजच्या तोंडचा ‘हंबग’ कसा आणावा? आणि कथा गोव्यात आणून स्क्रूजला सावकार करावे का?
– एक दिग्दर्शक, डिचोली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कथा लंडनमध्येच ठेवा. वर्कहाऊस, धुके, पंधरा शिलिंग हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. एक धागा ओढला की बाकीचे सैल पडतात. प्रेक्षकांना परके वाटेल ही भीती बाळगू नका. क्रॅचिटच्या घरी भट्टी नाही, म्हणून त्यांचा नाताळचा हंस बेकरीच्या भट्टीत भाजून आणतात. पदेराची भट्टी पाहिलेल्या प्रेक्षकाला हे अर्ध्या वाक्यात कळेल.

‘हंबग’साठी मराठीत ‘थोतांड’ हा शब्द अगदी तयार आहे. त्याचा पहिला ‘थो’ जिभेवरून थुंकल्यासारखा बाहेर पडतो आणि शेवटचा ‘ड’ दार आपटल्यासारखा लागतो. नटाला याहून वेगळे काही लागू नये. टायनी टिमच्या प्रसिद्ध वाक्यासाठी आपल्या ‘देव बरें करूं’कडे पाहा. “देव आपलं सगळ्यांचं बरं करो,” असे त्या मुलाने म्हटले तर ते अनुवादासारखे वाटणार नाही.

भुतांचे मात्र वेगवेगळे करावे लागेल. मार्ली मेलेला माणूस आहे, त्याला भूत म्हणा. बाकीचे तिघे कधी मेलेले नाहीत. दुसरा तर आपल्याला अठराशेहून अधिक भाऊ असल्याचे सांगतो, म्हणजे येशूजन्मापासून दर नाताळला एक. आणि त्याचे स्वतःचे आयुष्य त्याच रात्री संपणार असते. त्याला पिशाच म्हणणे अन्यायाचे होईल. रात्री गावाच्या सीमेवरून फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा राखणदार आपल्या प्रेक्षकांच्या मनात आहेच. त्याचे नाव संहितेत घालू नका, पण दुसऱ्याची चाल, हातातली मशाल आणि भारदस्त प्रेमळपणा बसवताना नटाला त्याची आठवण करून द्या. पहिल्यासाठी मराठीने तुम्हाला एक देणगी दिली आहे, ती इंग्रजीला मिळाली नाही. आपल्याकडे जे होऊन गेले तेही भूत आणि जे मानगुटीवर बसते तेही भूत. “मी तुझा भूतकाळ आहे,” एवढेच त्याने म्हणावे. तिसऱ्याला संवाद देण्याचा मोह टाळा. पुस्तकात तो एक शब्दही बोलत नाही, फक्त बोट दाखवतो.

एक सूचना प्रकाशयोजनेसाठी. पहिल्या भुताच्या डोक्यातून उजेडाचा झोत निघतो आणि त्याच्या काखेत मेणबत्ती विझवायच्या टोपणासारखी टोपी असते. आठवणी असह्य झाल्यावर स्क्रूज ती टोपी त्याच्या डोक्यावर दाबतो, सगळे बळ लावून पार जमिनीपर्यंत दाबतो, तरी खालून उजेड सांडतच राहतो. १९८४ च्या रूपांतरात टोपीचा हा प्रसंग आहे, तो एकदा पाहा. रंगमंचावर मात्र तुम्हाला तो अधिक चांगला करता येईल : फळीला चीर ठेवा, खाली एक दिवा लावा, आणि वरचे सगळे दिवे गेल्यावरही तो स्क्रूजच्या पायाशी दहा आकडे मोजेपर्यंत जळू द्या.