डेक्सा कुणाला, केव्हा?

स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते म्हणतात. मग कोविडच्या न्यूमोनियात डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड का दिलं?

२०२०च्या सुरुवातीला डॉक्टरांमध्येच यावर दोन तट होते. आजार चिघळलेल्या रुग्णांत साधारण दुसऱ्या आठवड्यात विषाणूपेक्षा शरीराची स्वतःचीच प्रतिक्रिया जास्त नुकसान करते. फुप्फुसं सुजतात, वायुकोशांत पाणी साचतं, ऑक्सिजन खाली येतो. ती सूज आवरायची, पण विषाणूला मोकळं रान द्यायचं नाही, असा पेच होता. तो ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने सोडवला. ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ती मार्च २०२०मध्ये सुरू केली आणि १६ जूनला निकाल सांगितला. औषध होतं १९५०च्या दशकातलं, स्वस्त डेक्सामेथासोन. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२वरून २३.३. ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात मात्र डेक्सा न मिळालेले १४ टक्के दगावले, मिळालेले १७.८ टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही एवढं नक्की. माझ्या मते अख्ख्या चाचणीतली सगळ्यात मोलाची ओळ हीच, आणि आपल्याकडे नेमकी तीच वाचायची राहिली.

२०२१मध्ये मला तापाच्या दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइड दिलं. लगेच बरं वाटलं. मग चुकलं काय?

स्टेरॉइडने ताप उतरतो, भूक लागते, तरतरी येते. त्यावरून फुप्फुसाचं काही कळत नाही. ऑक्सिजन ९८ असताना डेक्सा घेणं म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या गटात बसणं. त्यात मधुमेह असेल तर साखर भडकते. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, इतकी फोफावली त्यामागे हेही एक कारण होतं.

चाचणीत काहींना औषध दिलंच नाही. हा अन्याय नाही का?

औषध तारतं की मारतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. २,१०४ जणांना ते मिळालं, ४,३२१ जणांना नाही. निवड संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखी केली. बाकी उपचार सगळ्यांना होतेच. खोटी गोळी कुणालाच दिली नव्हती, त्यामुळे औषध कुणाला मिळालं हे डॉक्टरांना ठाऊक होतं, असा आक्षेप घेतला जातो. पण मोजायचे होते मृत्यू, तिथे डॉक्टरच्या मनाचा कल शिरायला फारशी जागा नसते.

मग सूज कमी करणारं कुठलंही औषध चालेल?

नाही. गाउटवरचं कोल्चिसिन याच चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं, दोन्ही गटांत मृत्यू सारखेच, २१ टक्के. संधिवाताचं टोसिलिझुमॅब मात्र उपयोगी ठरलं : मृत्यू ३५ऐवजी ३१ टक्के, आणि त्यातले बहुतेक रुग्ण आधीपासून स्टेरॉइडवर होते. फ्लूच्या न्यूमोनियाला कोविडचे हे आकडे लावता येत नाहीत. तिथे डेक्साची परीक्षा ‘रिकव्हरी’ने वेगळी घ्यायला घेतली.